काचा धुऊन ठेवा

पश्चिमेकडच्या पाचव्या खिडकीचं माप घेऊन लोर्ना ट्रास्क स्टुलावरून उतरली, तेव्हा हार्लन ओक्स वही-पेन्सिल घेऊन तिच्या तोंडाकडे बघत उभा होता. त्या चाकांवरच्या घराच्या, ट्रेलरच्या, आत नुसती भट्टी झाली होती. छतावरचा एसी घरघरत होता, पण त्याची गार हवा खिडकीपर्यंत पोचायच्या आतच विरून जात होती. जून महिना, सकाळचे साडेदहा.

"आता माझ्याकडून काय काय लागेल ते सांगा, बाई," हार्लन म्हणाला. "लिहून घेतो. एक्क्याऐंशी झाली, डोक्यात काही राहत नाही."

लोर्नानं नेहमीचं सांगितलं. पडदे काढून ठेवा, खिडक्यांखालचं सामान बाजूला करा, काचा धुऊन ठेवा. मी गुरुवारी सकाळी सहाला येईन, ऊन चढायच्या आत उरकून टाकू. एकतीस वर्षं ती प्रत्येक गिऱ्हाइकाला याच तीन गोष्टी, शब्द इकडचा तिकडे न करता, सांगत आली होती. तिच्या नवऱ्यानं, व्हर्ननं, तिला हा धंदा शिकवला तेव्हा तोही असंच म्हणायचा. फार तर दहातला एखादा जण पडदे काढून ठेवी. काचा धुऊन ठेवणारं गिऱ्हाईक तिला आठवतही नव्हतं.

"काचा धुऊन ठेवा," हार्लन लिहितालिहिता मोठ्यानं म्हणाला. "पाचही?"

"पाचही," लोर्ना म्हणाली. ती तेव्हा मापाची पट्टी गुंडाळत होती.

मागच्या पलंगावर हार्लनची थोरली बहीण इमोजीन बसली होती. वय चौऱ्याऐंशी, पाठ ताठ, गुडघ्यावर ओला टॉवेल. उभी हयात तिनं युमाला लेट्यूसच्या पॅकिंग शेडमध्ये मुकादमकी केली होती, आणि नजर अजून तशीच होती. लोर्ना आल्यापासून ती तिच्या हातांकडे बघत होती. काचांना ऊन अडवणारी काळी फिल्म लावायला तिचा साफ विरोध होता. खिडकीतून तिला नदीकडचे कॉटनवुडच्या झाडांचे शेंडे दिसत, येणारंजाणारं दिसे. "याला मला तळघरात बसवायचंय," ती म्हणाली. "मेल्यावर बसायचंच आहे की."

हार्लन त्यावर नुसता हसला. लोर्नाला व्हॅनपर्यंत सोडायला आल्यावर मात्र त्यानं खरं कारण सांगितलं. गेल्या ऑगस्टात इमोजीन त्याच पलंगावर, त्याच खिडकीखाली बेशुद्ध पडली होती. ट्रेलर पार्कची मॅनेजर मार्व्हा बर्फाच्या पिशव्या घेऊन धावत आली म्हणून निभावलं. "ती ते कबूल करत नाही. झोप लागली होती म्हणते," तो म्हणाला. "आणखी एक उन्हाळा तसाच काढायची माझी हिंमत नाही."

कॉटनवुड बेंड हे पार्क कोलोरॅडो नदीच्या ॲरिझोनाकडच्या काठावर होतं. हिवाळ्यात तिथं पाय ठेवायला जागा नसे. एप्रिल संपला की निम्म्याहून जास्त ट्रेलर गाड्यांना जोडून उत्तरेकडे निघून जात, आणि मागे उरत ते ज्यांना जायला दुसरी जागा नाही असे. ओक्स भावंडांचा ट्रेलर चोवीस फुटी. हार्लननं तो निवृत्तीनंतर फिरायला म्हणून घेतला, एकदा ओरेगॉनपर्यंत नेऊन आणला, आणि बायको गेल्यावर इथं आणून उभा केला. चाकांतली हवा जाऊन आता बारा वर्षं झाली होती. इमोजीननं लग्न केलं नव्हतं. गुडघे गेल्यावर ती भावाकडे आली आणि मागचा पलंग तिचा झाला.

हार्लन कालव्यावर पाटकरी होता. चाळीस वर्षं रोज पहाटे उठून दारं उघडायची, कुणाच्या शेतात किती पाणी, किती वाजता, हे वहीत लिहायचं आणि लिहिलेल्या मिनिटाला दार बंद करायचं. त्याची वही बघूनच लोर्नाला ते कळलं होतं. अक्षर एका रेषेत, तारखेखाली तारीख.

लोर्ना स्वतः एकोणसाठची. पूर्वी किंगमनला तिचं आणि व्हर्नचं मोटारींच्या काचांना फिल्म लावायचं दुकान होतं. व्हर्न हृदयविकारानं गेला, पाठोपाठ दुकान गेलं, आणि ती एक जुनी व्हॅन घेऊन नदीकाठच्या पार्कांमधून फिरू लागली. मुलगी टुसॉनला, नाताळला भेट. रबरी पट्टीनं फिल्मखालचं पाणी दाबून काढून काढून तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर सुजलेलं होतं, सकाळी कॉफीचा मग धरता येत नसे. पण काम चोख. फिल्मखाली वाळूचा एक कण राहिला तरी ती अख्खी फिल्म ओढून काढी आणि नवी लावी. या भागात, जिथं हवेतच वाळू असते, तिच्या कामावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

बुधवारी दुपारी नदीवरच्या बोटींच्या धक्क्यावरून तिला फोन आला. चार जुलैच्या सुट्टीसाठी भाड्यानं जाणाऱ्या अकरा हाउसबोटी, सगळ्यांच्या काचा, आणि काम आजपासून सुरू झालं पाहिजे. धक्क्याचा मालक दर वर्षी तिलाच बोलवायचा. एकदा नाही म्हटलं की पुढच्या वर्षी दुसरा कुणी असणार, हे तिला माहीत होतं. ती तासाभरात पहिल्या बोटीवर होती.

हार्लनला फोन तिनं तिथूनच केला. फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये दाबलेला, दोन्ही हातांत साबणाच्या पाण्यानं निथळणारी फिल्म. तिनं सांगितलं की गुरुवारी जमणार नाही, सोमवारी येते. म्हातारा जराही कुरकुरला नाही. सोमवार तर सोमवार, सकाळी सहा, लिहून घेतलं, म्हणाला. मग जरा थांबून त्यानं विचारलं, "बाई, काचा मी उद्यासाठी आज धुणार होतो. आता आज धुतल्या तर सोमवारपर्यंत परत धूळ बसेल, नाही?"

फिल्मचा एक कोपरा दुमडायला लागला होता. "हो, हो," लोर्ना म्हणाली. "आदल्या दिवशी धुवा." आणि तिनं फोन ठेवला.

रविवारी पारा एकशे अठरा फॅरनहाइटवर गेला. टीव्हीवर दर अर्ध्या तासानं सांगत होते की कामाशिवाय बाहेर पडू नका, म्हाताऱ्या शेजाऱ्यांची विचारपूस करा. लोर्ना आठव्या बोटीचं काम संपवून आली होती. अंगठा बर्फाच्या भांड्यात बुडवून ती सोफ्यावर पडून राहिली, आणि सोमवारसाठी पाच खिडक्यांची फिल्म मापापेक्षा दोन-दोन इंच मोठी कापून तिनं नळीत गुंडाळून ठेवली. हार्लनची तिला आठवण आली ती एवढीच.

सोमवारी सहाला दहा मिनिटं असताना ती पार्कात शिरली. ट्रेलरच्या पायरीवर मार्व्हा बसलेली होती. ही मार्व्हा, वयानं पंचेचाळीसची, जाडजूड, एरवी सतत बोलणारी बाई. व्हॅन थांबली तरी ती उठली नाही. लोर्ना खाली उतरून जवळ आली तेव्हा तिनं हळू आवाजात सांगितलं, हार्लन काल गेला.

मग सगळं सांगितलं. सकाळी भावंडं चर्चला गेली होती. दुपारी जेवण झाल्यावर हार्लननं इमोजीनला कपडे धुण्याच्या खोलीत आणून बसवलं, तिथं मोठा एसी आहे, पार्कातले सगळे म्हातारे उन्हाचे तिथंच पत्ते खेळत बसतात. मी आलोच, म्हणाला. साडेचारपर्यंत आला नाही तेव्हा इमोजीननं मार्व्हाला पाठवलं. तो ट्रेलरच्या पश्चिम अंगाला, भिंतीला टेकून खाली बसलेला होता. डोक्यावर हॅट होती, शेजारी बादली सरळ उभी होती, हातात फडकं. त्वचा कोरडी ठणठणीत आणि तव्यासारखी तापलेली. हॉस्पिटलात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

"तुम्हाला कळवणार होते," मार्व्हा म्हणाली. "पण तुमचा नंबर त्याच्या शर्टाच्या खिशात होता. शर्ट गेला त्याच्याबरोबर."

लोर्नानं विचारलं, तो बाहेर काय करत होता.

"काचा धूत होता की," मार्व्हा म्हणाली. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

लोर्ना पश्चिम अंगाला गेली. या बाजूला सकाळी सावली असते. चार खिडक्या लख्ख होत्या, इतक्या की त्यांत मागचे कॉटनवुड पानापानासकट दिसत होते. पाचवी, म्हणजे इमोजीनच्या पलंगावरची, वरच्या अर्ध्या भागात लख्ख होती. तिथून खाली कित्येक महिन्यांची धूळ, आणि त्या धुळीवर ओघळ येऊन वाळलेले. दोन पायऱ्यांचं स्टूल अजून तिथंच होतं. आधी स्टुलावर चढून वरचा भाग, मग खाली उतरून खालचा, असं त्यानं एकेक खिडकी पुरी करत आणलं असणार. शेवटच्या खिडकीला तो स्टुलावरून उतरला होता, एवढंच.

फिल्म आतून लावतात. बाहेरून लावली तर उन्हानं आणि वाळूनं वर्षभरात सोलून निघते. बाहेरची काच धुतलेली असो नसो, कामाला काडीचा फरक पडत नाही. आणि आतली काच लोर्ना कुणाला हात लावू देत नसे. ती स्वतःच ब्लेडनं खरवडून, साबणाच्या पाण्यानं तीन वेळा धुऊन घ्यायची, कारण गिऱ्हाइकानं फडक्यानं पुसली की फडक्याचे तंतू राहतात. व्हर्न काचा धुऊन ठेवा म्हणायचा ते कशासाठी, हे तिनं त्याला कधी विचारलंच नव्हतं. बहुतेक गिऱ्हाइकाला काहीतरी काम दिलं की ते मध्ये मध्ये करत नाही, म्हणून असेल.

ती तशीच व्हॅनकडे परत निघाली. मार्व्हाला म्हणाली, मी नंतर येईन, आता यांना कशाला त्रास. तेवढ्यात ट्रेलरचं दार उघडलं. इमोजीन दारात उभी होती, कालच्याच चर्चच्या कपड्यांत, केस विंचरलेले.

"सहा वाजले," ती म्हणाली. "त्यानं तुम्हाला सहाला बोलावलंय ना?"

 फार वाईट झालं, असं काहीसं लोर्ना म्हणाली.

"झालं खरं," इमोजीन म्हणाली. "आत या. ऊन चढेल."

तिनं पडदे काढून घड्या घालून ठेवले होते. की हार्लननंच शनिवारी काढले होते, ते लोर्नानं विचारलं नाही. खिडक्यांखालचं सामान बाजूला झालेलं होतं. इमोजीन जेवायच्या छोट्या टेबलाशी जाऊन बसली आणि मार्व्हाला घरी जाऊन झोप म्हणाली. मार्व्हा रात्रभर तिच्याजवळ होती.

लोर्नानं काम सुरू केलं. बाटलीनं पाणी फवारायचं, ब्लेडनं काच खरवडायची, परत फवारायचं, रबरी पट्टीनं ओढून काढायचं. फिल्मचं अस्तर सोलून चिकट बाजूवर पाणी मारायचं, काचेवर सरकवून बसवायची, मधून कडांकडे दाबत पाणी काढायचं, कडेला नखाएवढी फट ठेवून कापायचं. हात आपोआप चालत होते. पहिली खिडकी झाली तेव्हा स्वयंपाकाच्या कट्ट्यावरचा उजेड राखाडी झाला. इमोजीन बघत होती.

दुसऱ्या खिडकीच्या वेळी ती आपणहून बोलायला लागली, जरा तुटक तुटक. फ्रेस्नोहून पुतण्या निघालाय, संध्याकाळपर्यंत येईल. तो तिला घेऊन जायचं म्हणणार. ती जाणार नाही. त्याच्या बायकोला इमोजीन चालत नाही आणि इमोजीनला त्याची बायको चालत नाही. इथं मार्व्हा आहे, चर्चची गाडी येते, पत्त्यांना माणसं आहेत. "म्हणून ही फिल्म नीट लावा," ती म्हणाली. "ऑगस्ट मला इथंच काढायचाय."

लोर्ना तिसऱ्या खिडकीकडे वळली. आतल्या काचेवर पाणी मारून तिनं ब्लेड लावलं आणि मागून आवाज आला.

"आतली काच तुम्हीच धुता?"

"हो."

"आणि हे चिकटवता तेही आतूनच."

"हो."

"सगळ्या खिडक्यांना आतूनच?"

लोर्ना थांबली. ब्लेड काचेवर तसंच होतं. एक उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. बाहेरून स्वच्छ असेल तर आतला कचरा दिसतो, म्हणून धुवायला सांगते, असं म्हणता आलं असतं. ते थोडंफार खरंही होतं. पण मागे बसलेल्या बाईनं चाळीस वर्षं पेट्यांच्या तळाशी लपवलेली किडकी पानं काढली होती.

"आतूनच," ती म्हणाली. "बाहेर टिकत नाही."

"मग त्याला बाहेरून धुवायला का सांगितलंत?"

लोर्ना वळली. तिच्या हातातून पाणी गालिच्यावर ठिबकत होतं.

"काही कारण नव्हतं, मिस ओक्स. मी सगळ्यांना सांगते. सवयीनं. कुणी धुवत नाही." आणि मग, थांबता येईना म्हणून, तिनं उरलेलंही सांगून टाकलं. "गुरुवारी यायचं होतं मला. दुसरं मोठं काम आलं म्हणून मी पुढं ढकललं. तो गुरुवारसाठीच धुणार होता. आदल्या दिवशी धुवा, असं मी म्हणाले त्याला. फोनवर."

छतावरचा एसी थांबला आणि परत सुरू झाला. इमोजीननं टेबलावरचा हार्लनचा चष्मा उचलून त्याच्या डबीत ठेवला, डबी बंद केली.

"ऊन उतरल्यावर धू, असं मी त्याला म्हटलं होतं," ती शेवटी म्हणाली. "तर म्हणतो, अंधारात ओघळ दिसत नाहीत. बाईंनी धुऊन ठेवा म्हटलंय, अर्धवट धुतलेल्या कशा दाखवायच्या." तिचा आवाज चढला नाही. "मी पत्ते खेळत होते. दोन डाव जिंकले."

लोर्ना काहीतरी बोलणार होती. इमोजीननं हात वर केला.

"तुम्ही मला वाईट वाटून घेऊ नका असं म्हणू नका, आणि मी तुम्हाला म्हणणार नाही. पुढची काच करा."

लोर्नानं पुढची काच केली. मग त्याच्या पुढची. चौथ्या खिडकीत फिल्मखाली एक कण राहिला, मोहरीच्या अर्ध्याएवढा. तो कोपऱ्यात होता, कुणाला दिसलाही नसता. तिनं फिल्म ओढून काढली, व्हॅनमधून नवी आणून परत लावली. तिचा अंगठा आता इतका ठणकत होता की पट्टी तिला मुठीत धरावी लागत होती. साडेआठ वाजले. ट्रेलरमधला उजेड संध्याकाळसारखा झाला होता आणि पहिल्यांदाच एसीची हवा अंगाला लागत होती.

पाचवी खिडकी पलंगावरची. लोर्ना गुडघे टेकून गादीवर चढली आणि आतून काच खरवडायला लागली. वरच्या भागातून नदीकडचे शेंडे स्वच्छ दिसत होते, खालच्या भागातून नुसता मातकट उजेड. मागे दार वाजलं. तिला वाटलं मार्व्हा आली. पण मग काचेच्या पलीकडे पांढरे केस दिसले.

इमोजीन एका हातानं ट्रेलरची भिंत धरत आली होती. दुसऱ्या हातात बादली होती, हार्लनचीच. खालचा नळ सोडून तिनं ती निम्मी भरून घेतली होती. लोर्नानं खिडकीची छोटी सरकती झडप उघडली.

"मिस ओक्स, त्याची गरज नाही."

"ते तुम्ही मघाशी सांगितलंत," इमोजीन म्हणाली. "सावली आहे तोवर होऊन जाईल. तुम्ही तुमचं करा."

लोर्नानं झडप लावली. फिल्मचं अस्तर सोललं, पाणी मारलं, काचेवर सरकवून बसवली. एकदा फिल्म बसली की दिवसा बाहेरून आतलं काही दिसत नाही. म्हातारीला आता काचेत फक्त आभाळ आणि स्वतःचं तोंड दिसत असणार. आतून मात्र लोर्नाला ती दिसत होती, धुरकट, पण सगळी. स्टुलाची गरज नव्हती. उरलेला भाग तिच्या छातीच्या उंचीला येत होता. फडकं बुडवायचं, पिळायचं, डावीकडून उजवीकडे एक हात, मग त्याच्या खाली दुसरा. दर दोन हातांनंतर ती भिंतीला टेकून दम खाई. खालपर्यंत आल्यावर तिनं मान वाकडी करून काचेकडे तिरकं बघितलं, जसं एकेकाळी पेट्यांकडे बघत असेल, आणि एका कोपऱ्यात राहिलेला ओघळ दिसला तेव्हा परत फडकं बुडवलं.

लोर्नाचं काम झालं होतं. कडा कापल्या होत्या, फिल्मखाली एक थेंब पाणी उरलं नव्हतं. तरी ती पलंगावर गुडघे टेकून, सुजलेल्या अंगठ्याची मूठ करून, कोरड्या काचेवरून पट्टी ओढत राहिली, बाहेरची बाई बादली उचलून वळेपर्यंत.